चूकभूल द्यावी घ्यावी

दुसऱ्या पानाच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात,
हवामान आणि तिसा नदीची पातळी यांच्या मध्ये
बोटभर जागा होती पिरोश्काबाईंची.
तिथे आमचा पेपर रोज माफी मागायचा.

'मंगळवारी बेकरीवाले बोद्नार यांचे वय एक्याऐंशी छापले.
ते एकोणसत्तर आहेत, आणि रागावले आहेत.'
'पुलाच्या खर्चात एक शून्य कमी पडले.
शून्य नगरपालिकेचे आहे, आमचे नाही.'
'शोकवार्तेतील श्रीमती हालास जिवंत आहेत.
वारल्या त्या त्यांच्या जाऊबाई.
दोन्ही घरांची क्षमा.'

आमच्या हंगेरियन अक्षरांच्या डोक्यावर
एक तिरकी रेघ असते, माशीच्या पायाएवढी.
चुकून पडली, तर वयाचं दुखणं होतं.
ती रेघ भिंगाखाली शोधत बाई बसायच्या
रात्री अकरापर्यंत, पायाशी विजेची शेगडी,
ओठांत न पेटवलेली सिगारेट.
मी खाली छपाईच्या यंत्रावर.
त्यांचा कागद जिन्यावरून आल्याशिवाय
यंत्र फिरवायचं नाही, असा दंडक होता.

आणि लोक यायचे. खरं तर हेच सांगायचं आहे.
धापा टाकत तीन मजले चढून,
घडी घातलेला पेपर, चुकीभोवती पेनाचं वर्तुळ.
कोंबड्यांच्या प्रदर्शनात दुसरा आलेला माणूस
तिसरा छापला म्हणून तासभर भांडला.
बाई खुर्ची पुढे करायच्या.
'बसा. नीट सांगा. पुरावा काय?'
त्याच खुर्चीत महापौरांनी कपाळ पुसलं होतं,
आणि पुढच्याच आठवड्यात
त्यांच्या ड्रायव्हरनेही.

मग पेपर विकला गेला.
कोणाला, ते पेपरात आलं नाही.

कागद गुळगुळीत झाला. नदीची पातळी निघाली.
बोटभर जागेत राशिभविष्य बसलं.
नव्या संपादकांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं,
या पेपरात चुका होत नाहीत.
आणि खरंच, बारा वर्षांत
एकही झाली नाही.

जिना झिजायचा थांबला.
गावात कोणी कोणाला म्हणेना, अहो, तसं नाही ते.

त्या शरदात पहिल्या पानावर शाळेतल्या
फार्कास तिमेआ बाईंचा फोटो आला.
खाली लिहिलं होतं, परक्या पैशावर मुलं नासवते.
तिला कोणी दगड मारला नाही.
बेकरीत पावही मिळत राहिला.
फक्त सुटे पैसे तिच्या हातात देईनात,
काउंटरवर ठेवायला लागले.
ती एकेक नाणं नखाने उचलायची.
मी रांगेत तिच्या मागे होतो.
माझ्या नखांत त्याच अंकाची शाई होती.

गेल्या रविवारी पिरोश्काबाईंकडे गेलो.
आलुबुखाराचा मुरंबा कढईत रटरटत होता.
टेबलावर शाळकरी वह्या, चौदा की पंधरा,
तारीखवार, त्याच बारीक अक्षरात.
रोज पेपर विकत घेतात, रोज दुरुस्ती लिहितात.
कोणासाठी, मी विचारलं नाही.
शेवटची नोंद त्यांनी वाचून दाखवली:
'श्री. बोद्नार या महिन्यात एक्याऐंशी वर्षांचे झाले.
आमची जुनी चूक आता बरोबर आहे.'
आणि इतक्या हसल्या की चमचा कढईत पडला.

मी त्या शरदाचं पान शोधलं.
तिमेआ बाईंच्या नावापुढे तीन ओळी मोकळ्या.
'ही का राहिली?'

'मी तिथे नव्हते,' बाई म्हणाल्या.
'ऐकीव मी लिहीत नाही.'
चमचा काढला, पुसला,
पेन्सिल माझ्याकडे सरकवली,
आणि पायाने खुर्ची पुढे केली.
'बसा. नीट सांगा.'